रिकामी लाइन

मेट्रनबाईंनी दार उघडलं आणि आधी साहेबाच्या बुटांकडे पाहिलं. आयुष्यभर सरकारी रुग्णालयातले वॉर्ड सांभाळलेल्या बाईची ही सवयच होती. माणूस काय बोलतो ते मागाहून ऐकायचं, आधी तो कुठून कसा आलाय ते बघायचं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खणून ठेवलेली, घराघरासमोर चरावर फळ्या टाकलेल्या, आणि या माणसाचे बूट मात्र आरशासारखे चकचकीत. मागे दोन कामगार उभे होते. त्यांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत माती होती.

"अभिनंदन, मावशी," साहेब म्हणाला. "राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेत तुमच्या भागातलं पहिलं घर तुमचं."

न मागता कुणी काही द्यायला आलं की बाई हात मागे घ्यायच्या. त्यांनी विचारलं, माझंच घर का? तर म्हणे कॉम्प्युटरने निवडलं. मग साहेबाने अगदी घरच्या माणसासारखी चौकशी सुरू केली. घरी कोण कोण असतं? बाई एकट्याच. घरात कॉम्प्युटर? नाही. मोबाइल? बाईंनी बटणांचा फोन दाखवला. सुट्टीत मुलं-नातवंडं राहायला येतात का? बाईंनी लग्नच केलं नव्हतं, तर नातवंडं कुठून येणार. प्रत्येक 'नाही'ला साहेबाचा चेहरा खुलत गेला. नोकरीत बाईंनी किती जणांना किती वेळा नाही म्हटलं असेल, पण नकार ऐकून इतका खूश झालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

कामगारांनी हमरस्त्यावरच्या खांबावरून एक बारीक काळी तार भिंतीभिंतीने आणून खिडकीतून आत घेतली आणि पुढच्या खोलीत, औषधांच्या कपाटावर, एक पांढरी पेटी ठेवली. पेटीवर हिरवे दिवे लागले. साहेबाने बजावलं की पेटी बंद करायची नाही, तिला हात लावायचा नाही, बाकी तुम्हाला काहीसुद्धा करायचं नाही. विजेचं म्हणाल तर चिमणीएवढी वीज खाते.

"पण मी तिचं करू काय?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही, मावशी. असू द्या नुसती."

गल्लीत ही बातमी पसरायला कुठल्या तारेची गरज पडली नाही.

आता त्या गल्लीची कथा अशी की ती पहिल्यांदा खणली ती तांब्याच्या तारेसाठी. तार यायच्या आत सरकार बदललं. नव्या सरकारला तांबं जुनाट वाटलं, त्यांना काचेची तार हवी होती. पुन्हा खणलं, नारिंगी नळ्या पुरल्या, त्यांची तोंडं प्रत्येक दारापुढे जमिनीतून वर काढून ठेवली आणि माणसं निघून गेली. मग वर्तमानपत्रात आलं की आता सगळं हवेतून येणार, खणायची गरजच नाही. हवेतून धूळ तेवढी आली. त्यानंतर काचेची तारच बरी असं पुन्हा ठरलं आणि बुजवलेला चर तिसऱ्यांदा उघडला. कोपऱ्यावर मोठा फलक होता, 'प्रत्येक घरात वेगवान इंटरनेट', आणि त्याच फलकाखाली बसथांब्यावर बाईंची भाची मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची, कारण गल्लीत मोबाइलला धड रेंज नव्हती आणि थांब्यावर थोडीफार होती. ती परदेशी मालिकांखाली येणाऱ्या ओळी लिहायचं काम करायची. रोज बसायची आणि एकही बस पकडायची नाही, म्हणून बसचे ड्रायव्हरसुद्धा तिच्याकडे संशयाने बघायला लागले होते.

अशा गल्लीत एकट्या मेट्रनबाईंच्या खिडकीत हिरवे दिवे लुकलुकायला लागले. समोरच्या लाँड्रीवाल्याने त्याच दिवशी जाहीर केलं की यात कुठेतरी पाणी मुरतंय. तो गल्लीच्या समितीचा प्रमुख होता. प्रमुख म्हणजे काय, तर ब्रॉडबँडच्या ऑफिसात जाऊन भांडायची हौस त्याला होती आणि आवाजही होता. त्याचं म्हणणं असं, की तार सगळ्यांसाठी चरातून यायची होती, मग हिची वरून कशी आली? आणि जी बाई मोबाइलवर साधा फोटो बघत नाही तिला इंटरनेट देतं कोण? पेटी ऐकते, असं त्याने ठरवून टाकलं. ऑफिसवर मोर्चा न्यायचं गल्लीत चाललं होतं, ते कोण बोलतं, काय बोलतं, हे सगळं त्या पेटीतून वर जातं.

बाईंच्या कानावर हे कुणी घातलं नाही, पण कळायचं ते कळलं. निवृत्त झाल्यापासून सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग लागायची. बाई पट्टा बांधून बीपी बघायच्या, कुणाची गोळी चुकली असेल तर फैलावर घ्यायच्या, आणि फैलावर घेऊन झालं की चहा द्यायच्या. पेटी आल्यापासून ती रांग आटली. आधी एक-दोघं आली नाहीत, मग कुणीच येईना. खिडकीवरून जाणारी माणसं बोलता बोलता गप्प व्हायची आणि लाँड्रीपर्यंत पोचली की पुन्हा बोलायला लागायची. चहाचं आधण ठेवायचं कशाला, असा प्रश्न बाईंना पडला, तरी त्या सवयीने ठेवायच्या आणि एकट्याच प्यायच्या. पिताना नजर पेटीवर. त्यांचाही तिच्यावर विश्वास नव्हताच. एकदा त्यांनी तिच्याजवळ तोंड नेऊन, "ऐकतेस का गं?" असं विचारलंही, आणि मग स्वतःचाच राग येऊन दळण निवडायला बसल्या.

पुढे वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये जनतेच्या तक्रारी ऐकायला सभा लागली. हॉल खच्चून भरला. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. कुणाच्या मुलीची परीक्षा मधेच तुटली होती, फोटोवाल्याचं गिऱ्हाईक फोटो वेळेत पोचले नाहीत म्हणून गेलं होतं, कुणाची सासू चरात पडून पाय मोडून बसली होती. साहेबाने सगळं मान डोलावत ऐकलं आणि मग भिंतीवर नकाशा दाखवला. शहराचे तुकडे वेगवेगळ्या रंगांत होते, कुठे लाल, कुठे पिवळे. त्यांची गल्ली, मागची गल्ली, पाण्याच्या टाकीपर्यंतचा सगळा भाग हिरवागार.

"आमच्या नोंदीप्रमाणे तुमच्या भागात सेवा उत्कृष्ट आहे," साहेब म्हणाला. "तरीही तुमच्या भावना आम्ही वर कळवू."

मग लाँड्रीवाला उठला. तो ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं, पण तो हळू बोलला. म्हणाला, उत्कृष्ट सेवा आमच्या भागात एकाच घरात आहे, आणि ते घर इथे मागच्या रांगेत बसलंय. सगळ्या माना वळल्या. ज्यांच्या दंडाला बाईंनी इतकी वर्षं पट्टा बांधला होता ती माणसं त्यांच्याकडे अनोळखी असल्यासारखी बघत होती. बाई उठल्या, कुणाला काही न बोलता बाहेर पडल्या आणि फळीवरून तोल सावरत घरी आल्या. वॉर्डात आरडाओरडा करणारे नातेवाईक त्यांनी पुष्कळ सांभाळले होते. गप्प बसलेल्या माणसांचं काय करायचं, ते त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

पाठोपाठ भाची आली. तिच्याही चेहऱ्यावर प्रश्न होताच. मावशीला विचारावं की नाही अशा घोटाळ्यात ती दारातच उभी राहिली, आणि ते बघून बाईंना सभेतल्यापेक्षा जास्त लागलं.

"तुलाही वाटतं का, मी त्यांना काही सांगते म्हणून?"

"नाही गं, मावशी," भाची म्हणाली, पण जरा उशिराने म्हणाली.

मग ती कपाटाजवळ गेली आणि पेटी उलटसुलट करून बघायला लागली. साहेबाने हात लावू नका म्हटलंय, असं बाई सवयीने म्हणाल्या आणि लगेच गप्प झाल्या. पेटीच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड छापलेला होता. भाचीने तो लॅपटॉपवर टाकला, थोडा वेळ टकटक केली आणि खुर्चीत मागे टेकली. तिने सांगितलं ते असं, की ही पेटी काही ऐकत-बिकत नाही. ती थोड्या थोड्या वेळाने स्वतःच स्वतःचा वेग मोजते आणि आकडा वर पाठवते. भागात दुसरी जोडणीच नाही, म्हणजे नकाशावर आख्ख्या भागाचा रंग ठरतो तो या एका आकड्यावरून. आणि या तारेवर दुसरं कुणी काही बघत नाही, पाठवत नाही, त्यामुळे आकडा नेहमी उत्तमच येणार.

बाईंनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वॉर्डातल्या एकाच धडधाकट माणसाचा ताप बघायचा आणि सगळ्यांच्या तक्त्यावर तोच लिहायचा."

"तसंच काहीसं."

"आणि तो धडधाकट माणूस मी."

एक नर्स असं करताना त्यांना सापडली होती, फार वर्षांपूर्वी. तिला त्यांनी सगळ्या स्टाफसमोर पुन्हा एकेका खाटेपाशी थर्मामीटर घेऊन फिरवलं होतं. इथे फिरवायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी बाई समोरच्या लाँड्रीत गेल्या. गरम कपड्यांच्या वाफेत उभं राहून त्यांनी लाँड्रीवाल्याला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, माझं दार उघडं आहे, पासवर्ड घ्या, सगळ्यांना द्या. वापरा हवं तेवढं. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. आमचे फोन त्या पेटीला जोडायचे म्हणजे आमच्या फोनमधलं सगळं तिकडे, असं तो म्हणाला. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्याच्या जागी त्या असत्या तर त्याही हेच म्हणाल्या असत्या.

पण त्याची मुलगी परदेशी बाळंत झाली होती आणि नातीचं तोंड अजून कुणी धड पाहिलं नव्हतं. फोनवर चित्र यायचं ते अर्ध्यात थिजायचं. त्या दुपारी त्याची बायको नवऱ्याला न विचारता रस्ता ओलांडून आली. पुढच्या खोलीत बसून तिने नात बघितली, जांभई देताना बघितली, आंघोळ घालताना बघितली, आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली की ऐकायचं असेल त्याला ऐकू दे, माझं काय जातंय. त्यानंतर बाईंच्या घराला दार आहे की नाही असं झालं. भाची बसथांब्यावरून उठून खिडकीशी आली. फोटोवाला ओट्यावर, परीक्षावाली मुलगी स्वयंपाकघरात, आणि ज्यांना इंटरनेटशी काही देणंघेणं नव्हतं असे म्हातारे पट्टा बांधून घ्यायला. बीपी बरंच चढलेलं निघालं काहींचं. बाईंनी सगळ्यांची खरडपट्टी काढली आणि आधण दोनदा ठेवलं. शेवटी लाँड्रीवालाही आला. उंबऱ्यात उभा राहून त्याने पेटीकडे नजर टाकली आणि खुर्ची भिंतीकडे ओढून तिच्याकडे पाठ करून बसला.

पेटीवरचा एक हिरवा दिवा पिवळा झाला, आणि साहेब धावत आला. या वेळी त्याचे बूट मातीने भरलेले होते.

खोली भरलेली बघून तो बाहेरच थांबला. बाईंनी बाकीच्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं आणि त्याला आत घेतलं. तो म्हणाला, वापरायला ना नाही, पण थोडं बेताने. भागाचा आकडा घसरलाय, वरून विचारणा झाली.

"मला एक सांगा," बाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरने निवडलं, का तुम्ही?"

साहेबाने बाईंनी दिलेला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "रिकामी लाइन लागते, मावशी. आधीच्या टप्प्याचं काम झालेलं दाखवलं तरच पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळते. ती मिळाली की तुमची गल्ली खरोखर होईल. आकडा पडला, तर काम निकृष्ट म्हणून सगळंच गोठवतील. मग चर तसाच राहील, कितीतरी वर्षं."

"म्हणजे आधी झालं म्हणायचं, मग करायचं."

"सगळीकडे असंच चालतं."

तो खोटं बोलत नसावा असं त्यांना वाटलं, आणि तो खोटंच बोलत असावा असंही वाटलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती बिचाऱ्याच्या. तो गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं, धमकीसकट.

तिथेच फूट पडली. परीक्षावालीचे वडील म्हणाले, राहू दे रिकामी, निदान पुढे तरी काही येईल. फोटोवाला म्हणाला, ही थाप तिसऱ्यांदा ऐकतोय. लाँड्रीवाल्याचा संशय वेगळाच. बाईंना साहेबाने काय कबूल केलं असेल, ते त्या सांगतात त्यापेक्षा जास्त असेल. हे तो तोंडावर बोलला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "संशय घे, तुझा हक्क आहे. पण इथे बसून घे. समोर जाऊन नको."

तो बसला. कुणीच उठलं नाही.

पण आठवडा सरायच्या आत कामगार आले, पेटी दुरुस्तीला न्यायचीय म्हणाले आणि तारेसकट घेऊन गेले. परत आली नाही. भाचीने बसथांब्यावरून नकाशा उघडून बघितला. दोन दिवस त्यांचा भाग करडा होता आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवागार.

मग काय विचारता. पेटी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेली होती, आणि कुणाच्या ते कळेना. लोक संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि एकमेकांच्या खिडक्यांत डोकावायचे. फोटोवाल्याने फ्रिजचा हिरवा दिवा बघून शेजाऱ्याशी भांडण काढलं. भाची हल्ली थांब्यावर कमी दिसते, असं कुणीतरी बाईंना सुचवलं, आणि बाईंना लाज वाटली ती याची, की तो विचार त्यांच्या मनात आधीच येऊन गेला होता.

त्या घरी बसून विचार करायला लागल्या. एकटं माणूस हवं. घरात मुलं नकोत, कॉम्प्युटर नको. असं माणूस या भागात कोण, हे बीपीच्या रांगेमुळे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. टाकीमागे एक घड्याळजी राहायचे. दुकान कधीच विकलेलं, ऐकू कमी यायचं, बायको गेल्यापासून कुणाकडे जाणं-येणं नव्हतं. बाई त्यांच्याकडे गेल्या. खिडकीला जाड पडदा होता, आणि खांबावरून आलेली काळी तार त्या पडद्याआड शिरली होती.

दार फटीएवढं उघडलं. साहेबांनी कुणाला आत घ्यायचं नाही असं सांगितलंय, घड्याळजी म्हणाले. बाईंनी मोठ्याने विचारलं, का नाही? ते त्यांना माहीत नव्हतं. पण ज्या घरात वर्षभर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं तिथे एक साहेब येऊन आदराने बोलला होता, तब्येत विचारून गेला होता, आणि पुन्हा येतो म्हणाला होता. घड्याळजी हे इतक्या अभिमानाने सांगत होते की मनात घोळवलेली वाक्यं बाईंनी गिळली. त्या दारातच बसल्या, तासभर दुसरंच काहीबाही बोलल्या आणि उद्या येते म्हणून निघून आल्या. पुढचे काही दिवस त्या रोज गेल्या. एक दिवस घड्याळजींनी स्वतःच दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, "साहेब काही परत आला नाही. हे यंत्र कशाचं, ते तरी सांगा."

बाईंनी सांगितलं. घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एका घड्याळाची वेळ बघून दुकानातली सगळी चालू आहेत म्हणायचं." मग त्यांनी पडदा बाजूला सारला आणि खोलीत खुर्च्या किती आहेत ते बघायला लागले.

दोन्ही गल्ल्या टाकीमागे लोटल्या. आकडा घसरला, नकाशा पिवळा झाला आणि एके दिवशी लाल. पेटी न्यायला कामगार आले तेव्हा दारात इतकी माणसं बसली होती की ते बाहेरूनच परतले. साहेबाची बदली झाली असं कळलं. त्याच्या जागी आलेल्या मॅडमनी कुणाला अभिनंदन म्हटलं नाही. त्या येऊन चर बघून गेल्या, आणि पावसाळ्याआधी काचेच्या तारेची मोठाली रिळं गल्लीत आली.

कुणाचा विश्वास बसेना. लोकांनी चराच्या कडेला खुर्च्या टाकल्या आणि पाळीपाळीने पहारा धरला. नळीत तार खरंच जातेय का, का नुसतं ओढल्यासारखं करतायत, हे बघायला. लाँड्रीवाला तर प्रत्येक नळीपाशी वाकून, तारेचं टोक हातात घेऊन बघत होता. कामगार वैतागले, पण तार गेली. लाँड्रीच्या बाजूच्या सगळ्या घरांत पेट्या लागल्या. बाईंच्या बाजूला मात्र रिळं संपली. उरलेलं पुढच्या टप्प्यात, असं सांगून माणसं निघून गेली.

संध्याकाळी बाई खिडकीत उभ्या होत्या. समोर ओळीने हिरवे दिवे, आणि लाँड्रीवाला आत कुणाशी तरी फोनवर हसून बोलत होता. त्याचीच बाजू आधी कशी झाली? टोक हातात धरून तो कामगारांशी एवढं काय बोलत होता? बाईंना हे प्रश्न पडले, आणि आपल्याला पडलेत हे ध्यानात आल्यावर त्यांनी चपला पायात सरकवल्या, फळीवरून रस्ता ओलांडला आणि लाँड्रीच्या काउंटरवर हात ठेवून सरळ विचारलं.

लाँड्रीवाल्याने फोन खाली ठेवला. त्याला राग आला नाही. उलट बरं वाटल्यासारखं दिसलं.

"कामगार म्हणाला, उताराच्या बाजूने ओढायला सोपं जातं," तो म्हणाला. "मलाही पटलं नाही. उद्या ऑफिसात जाऊन विचारणार आहे. येता का?"

"किती वाजता?" बाईंनी विचारलं.